आजीव फ्लॉपी

फोन वाजला की स्मृती आधी हातातला खडू खाली ठेवायची, बोटं पदराला पुसायची आणि मग रिसीव्हर उचलायची. त्या वर्षी संक्रांतीनंतर तिच्या पदरावर खडूचा पांढरा पट्टाच उमटला, कारण फोन काही थांबेना.

"हॅलो, गिरीराज कॉम्प्युटर्स."

"गिरीराज आहे का? की चोर म्हणून हाक मारली तर येईल?"

"गिरीराज बाहेर गेलेत. चोराला काही निरोप द्यायचा आहे का?"

पलीकडून के. आर. पुरमच्या मंगल कार्यालयाचे मल्लाप्पा कानडीत असे काही सुटले, की स्मृतीनं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि व्हरांड्यातल्या पोरांना खुणेनं सांगितलं, सातचा पाढा म्हणा, मोठ्यानं. पोरं पाढा म्हणायला लागली. मल्लाप्पांच्या शिव्या 'सात नव्वे त्रेसष्ट'मध्ये बुडून गेल्या.

येलहंक्याच्या जुन्या गावातल्या त्या घराची पुढची खोली म्हणजे गिरीराजची कंपनी. एक कॉम्प्युटर, एक खडखडणारा प्रिंटर, एक फोन, आणि कोणी रागावून बोललं की भिंतीकडे तोंड करून बसणारा खुद्द गिरीराज, स्मृतीचा नवरा. खोलीपुढचा व्हरांडा स्मृतीचा. संध्याकाळी गल्लीतली पोरं तिथं शिकायला येत. ती बेळगावची, डी.एड. झालेली. पोरानं एकच चूक दहादा केली तरी ती अकराव्यांदा तितक्याच शांतपणे समजावायची. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र तिचा धीर फार लवकर आटायचा.

या शिव्यांचं मूळ चार वर्षांपूर्वीचं.

बंगळूरात मंगल कार्यालयाला छत्र म्हणतात, आणि छत्राचा धंदा तिथीवर चालतो. मुलीचा बाप येतो तो 'सहा मेला हॉल द्या' असं म्हणत नाही. पुरोहितानं सांगितलेली 'वैशाख शुद्ध दशमी' तो पाठ करून आलेला असतो. मग मॅनेजर पंचांग उघडणार, चष्मा शोधणार, ओळीवरून बोट फिरवणार, आणि शेवटी दोन मुलींच्या बापांना एकच दिवस देऊन मोकळा होणार. गिरीराजनं यावर प्रोग्रॅम लिहिला. तिथी टाका, मशीन तारीख सांगतं, हॉल मोकळा आहे का ते सांगतं आणि पावती छापून देतं. सुधींद्रशास्त्री पुढच्या वर्षाच्या तिथी आणि मुहूर्त काढून द्यायचे, गिरीराज ते फ्लॉपीवर चढवायचा आणि संक्रांतीला तीळ, गूळ, खोबऱ्याच्या पुडीबरोबर ती फ्लॉपी स्वतः स्कूटरवरून छत्राछत्रात पोचवायचा.

विकताना त्यानं पत्रकावर छापलं होतं: सहा हजार एकदाच, त्यानंतर दरवर्षीची फ्लॉपी आजीव मोफत.

"आजीव लिहू नका," स्मृतीनं तेव्हाच सांगितलं होतं.

"का गं? चांगला वजनदार शब्द आहे."

"एकदाच पैसे घेऊन जन्मभर रोज लिमलेटची गोळी द्यायची म्हटलं, तर आधी काय संपेल, जन्म की पैसे? पहिलीतलं पोर सांगेल तुम्हाला."

गिरीराज हसला होता. तो हसायचा, तिथंच सगळा घोळ व्हायचा. पहिली दोन वर्षं छत्रवाले रांगेनं आले. ज्यांना घ्यायचं त्यांनी घेतलं, आणि मग नवं गिऱ्हाईक उरलं नाही. उरली ती दर संक्रांतीची वाटपाची फेरी. शास्त्र्यांची दक्षिणा वाढली, पेट्रोल वाढलं. अठ्ठ्याण्णव सालच्या संक्रांतीला पुडीबरोबर फ्लॉपी गेली नाही, एक कार्ड गेलं. खर्च वाढल्यामुळे यापुढे आजीव ग्राहकांनाही वर्षाला पाचशे रुपये द्यावे लागतील, तसदीबद्दल क्षमस्व.

रागावायचा हक्क गिऱ्हाइकांना होता, हे स्मृती नाकारत नव्हती. शब्द देऊन फिरवला होता, आणि फिरवणाऱ्याला चार शब्द ऐकून घ्यावेच लागतात. ते ऐकायला ती तयार होती. पण तिच्या कानावर आलं ते भलतंच.

बसवनगुडीचे त्रिविक्रमाचार्य फार सभ्य. ते म्हणाले, "बाई, आजीव म्हणजे माझा जीव असेपर्यंत. मी अजून आहे. वाटल्यास येऊन नाडी बघा." त्यांच्या छत्राचं एका दिवसाचं भाडं गिरीराजच्या चार महिन्यांच्या कमाईएवढं होतं, आणि ते भाडं आचार्य दर दिवाळीला वाढवत. दुसऱ्या एकानं वडिलांच्या नावानं प्रोग्रॅम घेतला होता. वडील वारले होते. "पण ते आमच्यातच आहेत हो," असं सांगताना त्याचा आवाज दाटून आला. पाचशे रुपयांसाठी मेलेल्या बापाला उठवून बसवणारा मुलगा स्मृतीनं पहिल्यांदाच ऐकला. तिसऱ्यानं थेट उटीच्या हॉटेलातून एसटीडी लावली आणि आपली कशी ओढाताण चालली आहे हे पंधरा मिनिटं सांगितलं. तेवढ्या कॉलचं बिल किती झालं असेल, हे तिनं त्याला विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. गणित पोरांना शिकवता येतं.

पेन्सिल हरवली म्हणून तिसरीतलं पोर रडतं, तेव्हा ते खरंच पेन्सिलीसाठी रडत असतं. त्याला जवळ घ्यावंसं वाटतं. ही माणसं पाचशे रुपयांसाठी रडत नव्हती. कालपर्यंत पुडी घेऊन दारात उभा राहणारा माणूस आज किंमत सांगतो, हे त्यांना झोंबलं होतं. लग्नघरी वाजंत्र्यानं खुर्ची मागितल्यासारखं.

या सगळ्यांचे पुढारी होते विठोजीराव. शहरातलं समाजाचं छत्र, त्याचे ते सेक्रेटरी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावात आलेल्या मराठ्यांच्या घरांनी पै पै जमवून बांधलेलं ते छत्र. विठोजीरावांनी शहरातले छत्रवाले एकत्र केले, कानडी, तेलुगू, मराठी, कोण असेल ते. "एकी पाहिजे," ते म्हणाले. दर मंगळवारी ही एकी समाजाच्या ऑफिसात जमायची आणि बाय-टू कॉफी मागवायची. एक कॉफी दोन पेल्यांत. लाखांची उलाढाल करणारी माणसं अर्धा अर्धा पेला कॉफी पीत गिरीराजच्या लबाडीवर तासभर बोलायची.

त्यांच्या एकीतून एक युक्तीही निघाली. नवी फ्लॉपी घातल्याशिवाय प्रोग्रॅम पुढच्या वर्षाचं बुकिंग घेत नसे. विठोजीरावांचा जावई अभिजीत कुठल्याशा क्लासात कॉम्प्युटर शिकला होता. त्यानं काय केलं कोणाला कळलं नाही, पण दोन मिनिटांत मशीन सुरळीत चालायला लागलं. मग तो छत्राछत्रात जाऊन तेच करून आला. प्रत्येकाकडून पन्नास रुपये घेतले. ते सगळ्यांनी आनंदानं दिले.

स्मृतीच्या कानावर हे आलं तेव्हा ती गिरीराजला म्हणाली, "बघा, पन्नास रुपयांत आजीव."

गिरीराज भिंतीकडे तोंड करून बसला.

नेमकं त्याच सुमारास त्याच्या धाकट्या बहिणीचं, प्रणिताचं लग्न ठरलं. मुलगा कोलारकडचा, घर चांगलं. पुरोहितानं मुहूर्त काढला वैशाख शुद्ध दशमीचा, आणि त्या वर्षी दोन्हीकडच्या पत्रिकांना जमणारा तेवढाच एक. गिरीराजची आई, सकवारबाई, तो ऐकताच म्हणाली, "सरी, ठरलं. लग्न आपल्या छत्रात."

सकवारबाईला त्या छत्राचं फार होतं, आणि त्याला कारण होतं. छत्राचा पाया घालताना पैसे कमी पडले, तेव्हा तिनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून दिल्या होत्या. तिचं नाव दारातल्या संगमरवरी फरशीवर कोरलं गेलं: आजीव सभासद. आजीव सभासदाच्या मुलांची लग्नं त्या छत्रात बिनभाड्यानं होतील, असा ठराव झाला होता. गिरीराजचं लग्न बेळगावला, मुलीकडे झालं. उरली प्रणिता. वीस-बावीस वर्षं सकवारबाईनं आपल्या उघड्या मनगटांकडे बघत या एका लग्नाची वाट पाहिली होती.

बुकिंगला निघताना गिरीराजनं स्मृतीच्या पर्समध्ये एक फ्लॉपी सरकवली.

"हे काय?"

"नवी. विठोजीरावांना देऊन टाक. प्रणिताचं लग्न आहे, भांडण नको."

"फुकट?"

"समाजाचं छत्र आहे गं. स्वल्प समजून घे."

स्मृतीनं पर्सची चेन लावली. सासूचा हात धरून ती बसमध्ये चढली.

दिवस मंगळवारच होता. ऑफिसात विठोजीराव, त्यांच्या शेजारी के. आर. पुरमचे मल्लाप्पा, आणि आणखी दोघे छत्रवाले. चौघांत दोन कॉफ्या. कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर गेल्या दसऱ्याचं कुंकू अजून तसंच.

"या, या सकवारक्का!" विठोजीराव उठले नाहीत, पण आवाज मोठा काढला. "आणि सूनबाई पण! काय मल्लाप्पा, ओळखलंत का? गिरीराज कॉम्प्युटर्स!"

मल्लाप्पांनी पेल्यात बघत मान हलवली. फोनवर सुटणारा माणूस समोर गप्प बसतो, हे स्मृतीनं मनात टिपलं.

"विठोजी, पोरीचं लग्न आहे," सकवारबाई म्हणाली. "वैशाख शुद्ध दशमी. छत्र पाहिजे."

"छत्र तुमचंच आहे अक्का." विठोजीरावांनी स्वतः कळा दाबल्या. बाकीच्यांनी बघावं म्हणून जरा जास्तच जोरानं. "बघा, आम्ही फ्लॉपी नाही घेतली तरी मशीन चालतं की नाही? आमच्या अभिजीतनं दोन मिनिटांत सोडवलं. काही लोकांना वाटलं होतं, आपल्यावाचून जग थांबेल."

प्रिंटर खडखडला. विठोजीरावांनी पावती फाडली, खिशातलं पेन काढलं, पावतीवर एक छोटीशी दुरुस्ती केली आणि ती सकवारबाईच्या हातात दिली. तिनं ती न वाचता सुनेकडे दिली.

पावतीवर छापलं होतं: वैशाख शुद्ध दशमी, १६ मे १९९७. शेवटच्या सातावर पेननं आठ केला होता.

स्मृतीनं ती दोनदा वाचली. मग तिला हसू आलं, पण ते तिनं ओठांच्या आत ठेवलं. अभिजीतनं गेल्या वर्षाच्या नोंदी पुसल्या होत्या आणि मशीनची तारीख वर्षभर मागे नेली होती. मशीन बिचारं समजत होतं, सत्त्याण्णव साल आहे. ते गेल्या वर्षीच्या तिथी सांगत होतं, आणि ही माणसं सातावर आठ काढून त्या यंदाच्या म्हणून विकत होती.

"विठोजीराव, तारीख चुकली आहे. यंदा दशमी सहा मेला आहे."

"मशीन सोळा म्हणतं."

"तुम्ही सहा मे टाकून बघा."

विठोजीरावांनी टाकलं. पडद्यावर जे उमटलं ते बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, मांडीवर थाप मारली.

"अमावास्या! अहो मल्लाप्पा, बघा, बघा! सहा मेला अमावास्या आहे! सकवारक्का, सून तुमची पोरीला अमावास्येला उभी करणार!" चौघं हसले. एकाला ठसका लागला. "आम्हाला कॉम्प्युटर शिकवायला येत होत्या या! आणि पाचशे रुपये द्या म्हणे दरवर्षी. कशाचे? अमावास्येचे?"

सकवारबाईचा चेहरा उतरला. अमावास्या हा शब्द लग्नाच्या बोलण्यात निघालेला तिला सहन झाला नाही. तिनं सुनेचा हात दाबला. "बाई, सोळा तर सोळा. चालेल की."

चालणार नव्हतं. त्या वर्षीच्या सोळा मेला वद्य पंचमी होती, आणि मुहूर्त तर तेवढा एकच. इथं गप्प बसलं तर दहा दिवसांनी चुकलेल्या पावतीवरून पत्रिका छापल्या जातील, आणि खऱ्या दशमीला हे छत्र कोणा दुसऱ्याच्या हातात असेल. स्मृतीनं पर्स मांडीवर ठेवली. व्हरांड्यात एखादं पोर पाढ्यात अडलं की जो आवाज ती लावायची, तोच तिनं लावला. इथं तो लावायला तिला जड गेलं.

"विठोजीराव, समाजाचा गणपती तुम्हीच बसवता ना?"

"पंधरा वर्षं मीच!"

"गेल्या वर्षी गणेश चतुर्थी कोणत्या तारखेला होती?"

"सहा सप्टेंबर." त्यांना पाठच होतं. मंडप, वीज, पोलिसांचा परवाना, सगळं त्यांच्याच नावावर.

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"सोळा." आता ते जरा सावकाश म्हणाले.

"गणपती दहा दिवस लवकर का आले? घाई होती त्यांना?"

कोणी हसलं नाही.

"चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत. साधारण अकरा दिवस कमी पडतात. म्हणून तिथी दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते, आणि फार सरकली की मध्ये अधिक महिना घालून परत जागेवर आणायची. माझी तिसरीची पोरं हे चित्र काढून दाखवतात. गेल्या वर्षी दशमी सोळा मेला होती, यंदा ती सहाला आली. आणि तुमच्या मशीनमध्ये अजून गेलं वर्ष चालू आहे. तुमच्या जावयानं ते मागे नेलं. पन्नास रुपयांत."

भिंतीवर एका तेलाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. इतके दिवस ते तिथंच होतं. त्याच्याकडे बघायची गरज कोणाला पडली नव्हती, कारण कॉम्प्युटर होता. मल्लाप्पा उठले, मे महिन्याचं पान उलटलं आणि सहा तारखेवर बोट ठेवलं. मग ते बोट उचलायला विसरले.

"शुद्ध दशमी," ते हळू म्हणाले. मग कानडीत, स्वतःशीच, "सहाला मी दोन पार्ट्या परत पाठवल्या. अमावास्या म्हणून."

"आणि सोळाला?" दुसऱ्या छत्रवाल्यानं विचारलं.

"सोळाला तीन दशम्या आल्या. एकीला दिलं, दोघींना भरलंय म्हणून सांगितलं."

समोरच्या प्रौढ माणसांचे चेहरे हिशेब करू लागलेले स्मृतीनं पाहिले, आणि तिला दया आली नाही. पहिल्यांदा हिशेब करणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर आनंद असतो. इथं फक्त भीती होती.

मल्लाप्पांनी खिशात हात घातला आणि पाचशेची नोट टेबलावर ठेवली. "अक्का, फ्लॉपी आहे का?"

"मल्लाप्पा!" विठोजीराव ओरडले. "एकीचं काय?"

"एकी कॉफीपुरती, स्वामी. लग्नाच्या दिवशी दोन नवऱ्या दारात आल्या तर मार मी एकटा खाणार."

"एकच आणली आहे," स्मृती म्हणाली. तिनं पर्स उघडली नाही. "ती या छत्रासाठी होती."

हे ऐकून विठोजीरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी घसा साफ केला आणि सेक्रेटरीचा आवाज परत काढला. "झालं तर मग! आणलीच आहे तर द्या इकडे. समाजाचं काम आहे. गिरीराज आपलाच पोरगा."

गिरीराजचं म्हणणं स्मृतीच्या कानात होतं: देऊन टाक, भांडण नको. पण ते त्यानं सांगितलं होतं अमावास्येचं हसणं ऐकण्याआधी.

"पाचशे रुपये," ती म्हणाली.

"समाजाकडून?"

"समाज लग्नाचं भाडं घेतो. मशीन समाजाचं आहे. फ्लॉपीही समाजानं घ्यावी."

विठोजीराव लाल झाले. मल्लाप्पांची नोट टेबलावर पडून होती, आणि तिच्याकडे न बघता बोलणं त्यांना जमेना. "बरं! मग मीही हिशेबानंच बोलतो. सकवारक्का, सहा मेचं छत्र पाहिजे ना? घ्या. पण बिनभाड्याचं विसरा. तो ठराव जुन्या काळचा. आता खर्च वाढलेत. पाण्याचा टँकर, जनरेटर, झाडलोट. आजीव सभासद म्हणून जन्मभर फुकट कोण पोसणार? छत्र चालवायचं कसं आम्ही?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं असावं, की हे वाक्य आपण आधी कुठेतरी वाचलंय. गिरीराजच्या कार्डात ते होतं, 'क्षमस्व'सकट. विठोजीरावांनी फक्त 'क्षमस्व' वगळलं होतं. दोघे छत्रवाले कॉफीच्या रिकाम्या पेल्यांत बघत राहिले.

स्मृतीनं सासूकडे पाहिलं. आता ही काय करेल? रडेल? पाटल्यांची आठवण काढेल? ऐकवायला तिच्याकडे खूप होतं, आणि ऐकवायचा हक्क या सगळ्यांपेक्षा तिचा मोठा.

सकवारबाईनं यातलं काही केलं नाही. तिनं विठोजीरावांकडे असं पाहिलं, जसं बाजारात नासलेलं वांगं हातात घेऊन परत ठेवतात. मग सोळा मेची पावती घडी घालून त्यांच्या कॉफीच्या पेल्याखाली सरकवली.

"सरी," ती म्हणाली. "सूनबाई, उठ."

"अक्का, अहो, दुसरीकडे कुठं मिळणार? मे महिना आहे!" विठोजीराव म्हणाले. "सहा तारखेला सगळ्या बंगळूरात एक हॉल मोकळा नसेल!"

"का नसेल?" मल्लाप्पा म्हणाले. "माझा मोकळा आहे. अमावास्या आहे ना त्या दिवशी."

आता हसायची पाळी विठोजीरावांची नव्हती.

मल्लाप्पा दाराबाहेर पायऱ्यांवर त्यांच्या मागे आले. "अक्का, के. आर. पुरमला स्टेशनावर उतरलं की माझं छत्र. कोलारचं वऱ्हाड गाडीतून उतरेल ते थेट मांडवात. सहा मे तुम्हाला देतो." मग आवाज खाली आणून, "भाडं मात्र पूर्ण हां. आणि ती फ्लॉपी... ती भाड्यातून वळती करू का?"

स्मृतीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. याच माणसानं फोनवर गिरीराजच्या सात पिढ्या काढल्या होत्या. त्यातलं एक अक्षरही त्याला आता आठवत नव्हतं, की आठवूनही अडचण वाटत नव्हती. निदान हा कंजूष होता तो उघड होता.

"वळती नाही," ती म्हणाली. "नोट आत टेबलावर राहिली आहे. ती घेऊन या."

ते खरंच धावत आत गेले. नोट आली, तेव्हा तिनं पर्स उघडली आणि विठोजीरावांसाठी आणलेली फ्लॉपी मल्लाप्पांच्या हातावर ठेवली.

सकवारबाई दारातल्या फरशीपाशी थांबली होती. आपलं नाव तिनं पदराच्या टोकानं एकदा पुसलं, मोलकरीण आरसा पुसते तसं, त्यात स्वतःला न बघता. परतीच्या बसमध्ये हेब्बाळ आलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, अकरा दिवस कमी पडतात म्हणालीस ना चंद्राला? मला ते चित्र काढून दाखव घरी."

स्मृतीनं घरी गेल्यावर तेच आधी केलं. व्हरांड्यात, पोरांच्या पाटीवर. सासूला ते एकदाच सांगावं लागलं.

लग्न सहा मेला झालं, वैशाख शुद्ध दशमीला, के. आर. पुरमच्या छत्रात. भाडं द्यायला गिरीराजनं प्रिंटर विकला आणि जुन्या स्कूटरवरही कर्ज काढलं. शहरातून फोन येतच होते. आता छत्रवाले म्हणत होते, की गिरीराजच्या मशीननं खोट्या तारखा दिल्या, नुकसान त्यानंच भरावं. आजीव म्हणजे जबाबदारीही आजीव. त्रिविक्रमाचार्यांनी तर नाडीचा विषय परत काढला. पण दर फोनच्या शेवटी आवाज खाली यायचा आणि प्रश्न एकच असायचा, नवी फ्लॉपी कधी मिळेल. स्मृती किंमत सांगायची आणि खडू उचलायची.

दुपारी पंगत बसली. केळीच्या पानांवर लिंबाचं चित्रान्न, काकडीची कोसंबरी, पुरणाचा ओबट्टू. स्मृती पायसाचं भांडं घेऊन ओळीतून वाढत चालली होती. पहिल्याच ओळीत, भिंतीला पाठ टेकून, विठोजीराव बसले होते. बोलावणं समाजाला होतं, आणि ते समाजाचे सेक्रेटरी. समाजाचं छत्र त्या दिवशी कुलूप लावून बंद होतं, कारण अमावास्या म्हणून परत पाठवलेली गिऱ्हाइकं पुन्हा फिरकली नव्हती, आणि दशमी म्हणून सोळाची पावती दिलेल्या लोकांना तोंड देत विठोजीरावांचे दोन महिने गेले होते. पण ओबट्टूवरचं तूप त्यांनी बोटानं निपटून घेतलं होतं.

"छान झालं हो लग्न," ते म्हणाले. मग इकडे तिकडे बघून, पानावर वाकून, "सूनबाई, ते फ्लॉपीचं... पाचशेच ना? की आमच्यासारख्या जुन्या, आजीव लोकांना काही कमी होईल?"

स्मृतीनं त्यांच्या द्रोणात पायस घातलं, काठोकाठ, सांडू न देता.

"सहाशे," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.